पहिला चेहरा

सिनेमा सुरू झाल्यावर अंधारात चाचपडत, बसलेल्यांच्या पायांवर पाय देत, ‘जरा सरकता का, जरा सरकता का’ करत येणाऱ्या माणसांना चांगला दंड ठोठावला पाहिजे, असं कात्रीबाईंचं स्पष्ट मत होतं. ज्याने पहिली तीन मिनिटं पाहिली नाहीत त्याने आल्या पावली घरी जावं. पुढचा सिनेमा त्याला समजेल, पण मनाला लागणार नाही, असं त्या म्हणायच्या. आणि नशिबाची गंमत बघा, त्यांच्या वाट्याला नवरा आला तो नेमका याच पंथातला. थिएटरच्या दारात ओळखीचं माणूस भेटलं की हे तिथेच रुतायचे. ओळखीचं नाही भेटलं तर अनोळखी गाठायचे. बाई एकट्याच आत जाऊन बसायच्या. नावं संपून गोष्ट रंगात आली की हे हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन उगवायचे आणि कानाशी लागून विचारायचे, आत्तापर्यंत काय झालं म्हणून. बाई त्याचं उत्तर कधीही देत नसत. मध्यंतरापर्यंत तर बोलतच नसत.

कात्रीबाई हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्या सिनेमाच्या संकलक. दिग्दर्शक मंडळी पोतंभर चित्रीकरण करून आणतात. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाला काय जोडायचं हे ठरवणारं माणूस म्हणजे संकलक. बाई या धंद्यात शिरल्या तेव्हा सिनेमा खरोखरीच्या फितीवर असायचा. एका मोठ्या प्रयोगशाळेत पांढरे सुती हातमोजे घालून मूळ फीत कापायच्या खोलीत त्या बसायच्या. त्या खोलीत सगळ्या मुलीच होत्या. मुलींचा हात हलका असतो म्हणून त्यांना ठेवलंय, असं मालक लोक सांगायचे. मुली कमी पगारात मान खाली घालून काम करतात, हे खरं कारण सांगायला कोणाची जीभ रेटत नव्हती. तिथून त्या मदतनीस झाल्या, मग संकलक झाल्या. पुढे फीत गेली, संगणक आला, कात्री टेबलाच्या खणात गंजून पडली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

नवीन पोरं शिकायला यायची तेव्हा बाई त्यांना जाड पुस्तकं दाखवत नसत. घरातलीच उदाहरणं द्यायच्या. माणूस दाराच्या कडीला हात घालतो ना, तिथे काप घ्या, म्हणायच्या. दार उघडलेलं पुढच्या तुकड्यात दाखवा. हालचाल चालू असताना घेतलेला काप कोणाच्या बापाला दिसत नाही. स्वयंपाकघरात भांडं पडलं की आपण आधी दचकतो आणि मग वळून बघतो, तेव्हा कधीकधी पुढच्या दृश्याचा आवाज आधी येऊ द्या, चित्र मागून येईल. दोन ठिकाणच्या गोष्टी आलटूनपालटून दाखवायच्या असतील तर दोन्हीकडे घाई पाहिजे. आई इकडे खिडकीत उभी आणि मुलगी तिकडे बस चुकलेली. एकीकडेच घाई असेल तर लोक दुसरीकडे आल्यावर पाणी प्यायला उठतात. हे असलं सगळं त्या कांदा चिरायला शिकवावं इतक्या सहज सांगायच्या.

पण त्यांचा खरा जीव होता तो सुरुवातीवर. लहानपणी पाहिलेल्या एका सिनेमाची सुरुवात त्यांना म्हातारपणीही जशीच्या तशी आठवायची. एक कुटुंब फोटो काढायला बसलंय. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून सांगतोय, अजून जवळ या, अजून जवळ या. सगळे सरकताहेत, पण मधली एक खुर्ची रिकामी आहे आणि तिच्याबद्दल कोणीही चकार शब्द काढत नाही. फोटो निघतो आणि सिनेमाचं नाव येतं. पुढे तो सिनेमा अगदीच रद्दड होता. पण त्या खुर्चीमुळे आपण या धंद्यात आलो, असं त्या सांगत. त्यांचं स्वतःचं नाव झालं तेही एका सुरुवातीनेच. नायक चार मजले चढून घरी येतो एवढंच दृश्य होतं. बाईंनी सगळे जिने काढून टाकले. प्रत्येक मजल्यावर फक्त वळण ठेवलं, आणि सिनेमात पुढे त्याच जिन्यावर येणारे त्याच्या वेगवेगळ्या वयांचे तुकडे उचलून तिथे जोडले. पहिल्या वळणावर पोरगा धावत येतो, दुसऱ्यावर तरुण, तिसऱ्यावर हातात पिशव्या घेतलेला बाप्या, चौथ्यावर कठड्याला धरून धापा टाकणारा म्हातारा. मिनिटभरात माणसाचं आयुष्य चढून झालं. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची.

या बाबतीत त्यांचा एक नेम होता आणि तो त्यांनी कधीही मोडला नाही. सिनेमाची सुरुवात त्या सगळ्यात शेवटी कापायच्या. आधी मधला, मग शेवटचा भाग करायच्या, आणि अख्खा सिनेमा हाताखालून गेल्यावरच पहिल्या दृश्याचं चित्रीकरण उघडायच्या. तोपर्यंत त्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. घरात कोण राहतं ते कळल्याशिवाय दाराला रंग कोणता द्यायचा ते कसं कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शक कितीही उतावीळ झाला तरी त्या बधत नसत. आणि दुसरी गोष्ट त्या घोकून घ्यायच्या ती अशी, की सिनेमात जो चेहरा पहिला दिसतो, त्याला लोक आपला मानतात. पुढे दोन तास ते त्याचीच वाट बघतात. तेव्हा पहिला चेहरा फार जपून दाखवायचा.

आता नवऱ्याबद्दल. धंद्यात त्यांना सगळे पाठमोरे म्हणायचे. आडनाव वाटतं, पण ते आडनाव नव्हतं. ते नट होते, लहानसहान कामं करणारे. पण देवाने त्यांना पाठ अशी दिली होती की कोणत्याही नायकाला उसनी द्यावी. नायकाच्या खांद्यावरून नायिका रडताना दिसते ना, तेव्हा तो खांदा पुष्कळदा यांचाच असायचा. नायक केव्हाच गाडीत बसून घरी गेलेला असायचा. म्हणजे शेकडो सिनेमांत पाठमोरे होते, आणि कुठेच नव्हते. चेहऱ्याची कामंही मिळायची, नाही असं नाही. कधी हवालदार, कधी कारकून, कधी निरोप घेऊन येणारा गडी. ती कामं बहुतेक बाईंच्याच टेबलावर यायची आणि बाईंच्याच टेबलावरून खाली जायची.

दोघांची ओळखही तिथलीच. तरुणपणी पाठमोऱ्यांना एका सिनेमात एकच वाक्य मिळालं होतं, ‘साहेब, गाडी आली आहे.’ ते राहिलंय का हे विचारायला ते संकलनाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. नटांना तिथे यायची बंदी होती. बाईंनी मान वर न करता सांगितलं, की गाडी आलेली दिसतेच आहे, ते सांगायला वेगळं माणूस कशाला? पाठमोरे मनापासून हसून म्हणाले, बरोबर आहे की. आपलं वाक्य कापल्यावर बरोबर आहे म्हणणारा नट बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. वर्षाच्या आत लग्न झालं.

लग्नानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. आपलं काम राहिलंय की गेलंय, हे त्यांना सगळ्यांबरोबर थिएटरातच कळायचं, आणि बहुतेक वेळा गेलेलंच असायचं. मित्र चिडवायचे, की पाठमोरे, तुमच्या बायकोचा तुमच्यावर दात आहे. ते म्हणायचे, “अरे, दात कसला? माझा चेहरा ती घरात जपून ठेवते. बाहेर वापरायला देत नाही.” लेक लहान असताना तिला घेऊन सिनेमाला जायचे आणि सांगायचे, बघ हं, आता मी येईन. ते यायचेच नाहीत. मग म्हणायचे, आत्ताच तर येऊन गेलो, तू नेमके तेव्हाच डोळे मिटलेस. पोर बिचारी पुढच्या वेळी डोळे ताणून बसायची. बाई हे सगळं ऐकायच्या आणि आतून त्यांना वाईट वाटायचं. पण वाईट वाटतं म्हणून नको असलेला तुकडा ठेवला तर आपण सिनेमाचं वाटोळं करू, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. शिवाय हा माणूस रागावत नाही, म्हणजे याला लागत नाही, असं त्यांनी सोयीस्करपणे धरून चाललं होतं.

साठी उलटल्यावर पाठमोऱ्यांना कामं मिळायची बंद झाली. पाठीला बाक आला, आणि बाक आलेली पाठ कोणत्या नायकाला चालणार? ते घरी रमले. अशातच एक तरुण दिग्दर्शक आपल्या सिनेमाबद्दल बोलायला बाईंकडे आला. बाई चहा ठेवायला आत गेल्या. बाहेर येऊन बघतात तर दिग्दर्शक हातातले कागद विसरून खिडकीकडे टक लावून बसलेला. खिडकीत पाठमोरे मटार सोलत होते. सकाळचं ऊन तोंडावर होतं.

“बाई, हा चेहरा इतकी वर्षं कुठे होता?” दिग्दर्शकाने विचारलं.

“माझ्याकडेच,” बाई म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

सिनेमा एका मुलीचा होता. बापाची सायकल घेऊन पहाटे घरातून पळून जाणाऱ्या मुलीचा. सुरुवातीचं दृश्य दिग्दर्शकाने तिथल्या तिथे सांगितलं. पहाटेची वेळ. बंद पडलेल्या कारखान्याचा म्हातारा पहारेकरी साखळी काढतो, जड फाटक ओढून उघडतो, स्टुलावर बसतो, थर्मासच्या झाकणात चहा ओततो, फुंकर घालतो. तेवढ्यात सायकलची घंटी ऐकू येते. तो मान वर करतो. मुलगी समोरून जाते आणि तो तिच्याकडे बघत राहतो. बोलणं काही नाही. सगळं एकाच सलग तुकड्यात, चांगली दोन मिनिटं, आणि शेवटी पडदाभर त्याचा चेहरा. पाठमोरे मटाराची शेंग हातात तशीच धरून ऐकत होते.

चित्रीकरणाला ते दोन दिवस जाऊन आले. एरवी बाहेरून आले की तासभर गप्पांचा पट्टा सुरू असायचा. या वेळी जेवले, हात धुतले आणि लांब राहणाऱ्या लेकीला फोन लावला. “अगं, पहिलाच मी. नावांच्या पण आधी,” एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. लेकीने तिकडून सांगितलं, की पहिल्या खेळाला ती रजा टाकून येणार, कोणी काही म्हणो. बाई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याचा आवाज असा हललेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

चित्रीकरण बाईंकडे आलं. काम सुरू झालं. एके दिवशी सकाळी त्या चपला घालत होत्या, तेव्हा पाठमोरे मागे येऊन उभे राहिले आणि अख्ख्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “पाहिलंस का गं?”

“सुरुवात मी शेवटी बघते, माहीत आहे ना तुम्हाला?”

“हो हो. विसरलोच,” ते म्हणाले. “सावकाश होऊ दे.”

त्यानंतर पंधरवड्यातच ते गेले. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले. शेजारची बाई वाटी परत द्यायला आली म्हणून कळलं. बाई तेव्हा संकलनाच्या खोलीत होत्या, आणि त्या खोलीत फोन बंद ठेवायची त्यांचीच सक्त ताकीद होती. आता माणसाने मरायचं कधी हे कोणाच्या हातात नसतं, मान्य. पण दोन मिनिटांचं ते दृश्य उघडून बघणं बाईंच्या हातात होतं. रोज आठ तास त्या त्याच यंत्रासमोर बसत होत्या. एक कळ दाबायची होती. संध्याकाळी घरी येऊन सांगायचं होतं, की अहो, पाहिलं, छान झालंय. तेवढ्यावर तो माणूस भरून पावला असता. नेम मोडला नाही याचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता, तो त्या एका दुपारी पार मातीत गेला.

महिन्याभराने त्या कामावर परतल्या. घरात बसवेना म्हणून परतल्या, असं म्हणा. तेव्हाही त्यांनी आधी मधला भाग केला, मग शेवट केला. आता तर त्यांना सुरुवात उघडायची भीतीच वाटत होती. शेवटी एका सकाळी दाराला आतून कडी लावून त्यांनी ती उघडली.

पडद्यावर नवरा आला. साखळी काढली, फाटक ओढलं, बसला, चहा ओतला. काम करताना ते कधीच इतके साधे वागले नव्हते. एरवी चेहऱ्याचं काम मिळालं की ते अंमळ जास्तच करायचे, आणि तिथेच बाईंची कात्री चालायची. इथे काही म्हणजे काही करत नव्हते. घंटी वाजल्यावर त्यांनी मान वर केली. आपलं वय झालंय, आपल्याला आता कुठे जायचं नाही, आणि समोरून कोणीतरी जातंय याचा आनंद, असं सगळं त्या चेहऱ्यावर एकदम आलं. बाई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या.

तुकडा संपला तरी चित्रीकरण संपलं नव्हतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाल्यानंतरही कॅमेरा काही क्षण चालू राहतो. ते क्षण सिनेमात कधी नसतात, फक्त संकलकाला दिसतात. ‘कट’ ऐकल्यावर पाठमोऱ्यांनी झाकणातला चहा खरोखरच पिऊन टाकला आणि कॅमेऱ्याशेजारच्या माणसांना विचारलं, “बरं झालं का? नाहीतर परत करतो. आमच्या बाईंपुढे जायचंय हे.” कोणीतरी म्हणालं, काका, या वेळी बाई नक्की ठेवतील. त्यावर ते म्हणाले, “ठेवील. सुरुवात कोण कापतं?” आणि सगळे हसले, आणि चित्र बंद झालं.

बाईंनी तो तुकडा जसा होता तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सिनेमाच्या तोंडाशी लावला. चित्राची एक चौकटही काढली नाही. दिग्दर्शक बघायला आला आणि भीत भीत म्हणाला, की बाई, किंचित लांबतंय का? बाई म्हणाल्या, राहू दे. अशा सुरात बाईंशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

सिनेमा लोकांसमोर जाण्याआधी पन्नाससाठ अनोळखी माणसांना बोलावून एक खेळ करून बघतात. अशा खेळाला बाई पडद्याकडे कधी बघत नसत. सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि लोकांच्या डोक्यांकडे बघायच्या. डोकी स्थिर असली म्हणजे माणसं सिनेमात आहेत. डोकी हलायला लागली, की तिथे कापायचं. इतक्या वर्षांत या परीक्षेने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता.

दिवे गेले. फाटकाची साखळी वाजली. बाईंनी ठरवलं होतं की आज फक्त पडद्याकडे बघायचं. पण हाताला वळण लागावं तसं नजरेला लागलेलं असतं; ती डोक्यांवर गेलीच. फाटक उघडेपर्यंत सगळं ठीक होतं. पाठमोरे स्टुलावर बसले आणि तिसऱ्या रांगेतलं एक डोकं शेजारच्याकडे झुकलं. चहा ओतताना कोणीतरी खोकलं, मग दुसऱ्या कोणीतरी. फुंकर घालताना एकाचा फोन उजळला. बाईंच्या अगदी पुढ्यात बसलेल्या बाप्याने मोठी जांभई दिली आणि बायकोला म्हणाला, “आता पितोय की नाही एकदाचा?” बायको फसकन हसली. शेवटी पडदाभर चेहरा आला, तेव्हा निम्मी डोकी खाली होती. मग मुलीची सायकल उतारावरून सुटली आणि साठच्या साठ डोकी एका झटक्यात वर आली ती शेवटपर्यंत हलली नाहीत.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने लोकांना विचारलं. सगळे मुलीबद्दल भरभरून बोलले. एका चष्मेवाल्या बाईंनी मात्र विचारलं, की तो पहारेकरी पुढे का आला नाही? त्याचीच गोष्ट आहे असं वाटून त्या अर्धा सिनेमाभर त्याची वाट बघत राहिल्या होत्या. हे वाक्य कात्रीबाईंनी स्वतः कितीतरी पोरांना शिकवलं होतं. त्या भिंतीपाशी उभ्या राहून ते ऐकत होत्या. बाहेर आल्यावर दिग्दर्शक त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, की बाई, काका राहिले तरी माझी काही हरकत नाही, तुम्ही सांगाल तसं. भला मुलगा होता. त्याने हुकूम सोडला असता तर बाई त्याच्याशी भांडल्या असत्या, जिवाच्या आकांताने भांडल्या असत्या. त्याने सगळं त्यांच्यावरच टाकलं आणि भांडायलाही कोणी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या यंत्रासमोर बसल्या आणि नवऱ्याला वाचवायच्या मागे लागल्या. दृश्य निम्मं करून पाहिलं. निम्म्यात तो कोणताही पहारेकरी झाला. नुसता चेहरा ठेवून पाहिला, तर हा कोण आणि का बघतोय तेच कळेना. मध्ये कुठे नेऊन बसवला, तर सायकल अडखळली. शेवटी तर त्याचं काही कामच नव्हतं. जेवणाची सुट्टी आली आणि गेली. मग त्यांनी तो अख्खा तुकडा उचलून बाहेर ठेवला. काळा पडदा ठेवला, त्यावर नुसती सायकलची घंटी, एकदा, दोनदा, आणि मग झपकन उतारावरची मुलगी. सिनेमा लगेच सुरू झाला. बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की बाईंनी लगेच यंत्र बंद केलं.

काप बरोबर होता म्हणून त्यांनी तो घेतला, असं कोणी म्हणेल. ते पूर्ण खरं नाही. त्या जांभईवाल्या बाप्यासारखे हजार बाप्ये गावोगावच्या थिएटरांत बसणार होते. आपला माणूस, ज्याने जन्मात कोणाला कंटाळू दिलं नाही, तो पडदाभर होऊन त्यांच्यासमोर बसणार आणि ते फोन काढणार. रोज चार खेळ. हे बाईंना सहन होईना. नवऱ्याला कोणी कंटाळू नये म्हणून त्यांनी त्याला काढलं.

लेकीला हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, त्यांच्याने सांगवलं नाही. तीनचारदा फोन केला. एकदा लेक म्हणाली, रजा मिळाली. एकदा म्हणाली, नवीन ड्रेस शिवलाय, बाबांना आवडायचा त्या रंगाचा. लोकांचे लाखमोलाचे तुकडे डोळ्याची पापणी न लववता टाकून देणाऱ्या कात्रीबाई हवापाण्याचं बोलून फोन ठेवायच्या.

पहिल्या खेळाला दोघी मायलेकी शेजारीशेजारी बसल्या. दिवे गेल्याबरोबर लेकीने आईचा हात घट्ट धरला. अंधारात घंटी वाजली. लेक पुढे झुकली. मुलगी उतारावरून सुटली, लोक हसले, सिनेमाचं नाव आलं. लेकीला वाटलं असणार, की जागा बदललेली दिसते, नंतर येतील. ती बघत राहिली. मध्यंतराला तिने आईला पाणी आणून दिलं. उत्तरार्धात रस्त्यावर गर्दी आली की ती मान पुढे काढायची. एखादा म्हातारा लांबून आला की तिची बोटं आईच्या हातावर आवळायची आणि तो जवळ आला की सैल पडायची. बाईंनी त्या दिवशी सिनेमाही पाहिला नाही आणि लोकांची डोकीही पाहिली नाहीत. त्यांना फक्त ती बोटं कळत होती.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. लोक उठून गेले. लेक पडद्यावरचं शेवटचं नाव सरेपर्यंत बसून होती. मग पडद्याकडेच बघत तिने विचारलं, “बाबांचं काम चांगलं झालं नव्हतं का गं?”

“फार चांगलं झालं होतं. इतकं चांगलं त्यांनी कधीच केलं नव्हतं.”

“मग?”

बाईंकडे याचं उत्तर तयार होतं. पहिल्या चेहऱ्याचं, वाट बघण्याचं, घरच्या दाराचं. ते सोडून त्या म्हणाल्या, की अख्खा तुकडा आपण ठेवलाय, घरी गेल्यावर दोघी मिळून बघू.

“घरी ते होतेच की, आई,” लेक म्हणाली.

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. “लोक कंटाळत होते गं त्यांना बघून,” त्या म्हणाल्या. “जांभया देत होते. मला ते बघवेना.”

लेकीने आता पहिल्यांदाच आईकडे पाहिलं. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मी नसते कंटाळले,” ती म्हणाली.